चतुराबाईचं ‘न्हाई’

हिंगोलीच्या नव्या पाळकसाहेबांची चिठ्ठी आली आहे. पुढच्या महिन्यात उपदेशकांची सभा भरणार आहे. तिथं मी बायबलातल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या शपथेच्या वचनावर बोलावं, ख्रिस्ती माणसानं त्यातून काय धडा घ्यावा ते तीन मुद्द्यांत सांगावं, असं त्यांनी कळवलंय. साहेब नवे आहेत. या वचनावर उद्धव मास्तरला उभं करू नका, असं त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांतले काही वारले, काहींची बदली झाली.

वचन तसं सोपं आहे. शपथ घ्यायचीच नाही. आभाळाची नाही, भुईची नाही, स्वतःच्या डोक्याचीही नाही. हो असेल तर हो म्हणावं, नाही असेल तर नाही म्हणावं. त्याच्यावर जे काही जास्तीचं बोलाल ते सैतानाकडून आलेलं. यावर तीन मुद्दे काढणं मला काही जड नाही. वीस वर्षं उपदेशकी केलीय, सांगाल तितके काढून देतो. पण आता अठ्ठेचाळीस साल लागलंय आणि माझ्याकडे या वचनावर सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती नऊ वर्षांपूर्वीची. ती सभेत सांगण्याचा धीर माझ्यात नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो.

माझी पहिली नेमणूक साखऱ्याला होती. गावाबाहेरच्या मांगवाड्यातल्या आठ घरांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि त्यांच्या लेकरांसाठी मिशननं शाळा काढली होती. शाळा म्हणजे एक कुडाची खोली. चतुरा तिथं मला भेटली, तेव्हा ती दहा वर्षांची असेल. तिचा बाप दोर वळायचा. पोरगी हातात दोराच्या वाखाची पेंडी घेऊनच शाळेत यायची, वाख साफ करता करता धडा म्हणायची, आणि तरीही सगळ्यांच्या आधी वाचायला शिकली.

हे शपथेचं वचन मी त्याच वर्षी शिकवलं. त्या वाड्यात उठता बसता शपथा चालत. नागनाथाची आण, लेकराची आण, खाल्ल्या भाकरीची आण. मी सांगितलं, ‘ज्याच्या साध्या शब्दाला मोल नसतं त्याला शपथ लागते. आपल्या शब्दाला मोल आहे.’ दोन दिवसांनी शाळेतली एक पाटी फुटली. बंड्या नावाचं पोरगं गळ्याला हात लावून आईची शपथ घेऊन सांगू लागलं की मी नाही फोडली. चतुरा शांतपणे म्हणाली, ‘‘मास्तर, ह्यानंच फोडली. न्हाई तर शपथ कशाला लागली आसती?’’ पाटी त्यानंच फोडली होती. मी त्या दिवशी फार खुशीत होतो. आपलं शिकवणं कुठंतरी रुजलं असं मास्तरला क्वचितच दिसतं.

तिचं लग्न शिरड शहापूरच्या दगडोबाशी झालं. दगडोबाही दोरच वळायचा, माणूस वाईट नव्हता. लग्नाआधी त्यानं कबूल केलं होतं की सुगी झाली की बाप्तिस्मा घेतो. सुगी झाली, मग पुढची सुगी आली, मग त्याची आई भिकाबाई आजारी पडली. ते राहिलं ते राहिलंच. बायको ख्रिस्ती आणि नवरा जातपंचायतीत, असा तो संसार होता. त्यांना एक मुलगी झाली, सखू.

पुढं माझी बदली औंढ्याला झाली. औंढ्याच्या बाजाराला चतुरा डोक्यावर गुरांच्या दावी-कासऱ्यांचा भारा घेऊन चार कोस चालत यायची. माल खपला की परत जायच्या आधी आमच्या खोलीवर थांबून घटकाभर वाचायची. सासरी पुस्तक उघडलं की भिकाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, म्हणून हे वाचन इथं. माझी बायको अनुसया तिला चहा द्यायची आणि दोघी चुलीपाशी बोलत बसायच्या. एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात अनुसया बाळंतपणाला माहेरी गेली. तरी चतुरा दोन बाजार येऊन वाचून गेली. ऊन फार होतं, म्हणून आम्ही ओट्यावर न बसता आत बसलो. दार उघडं होतं. एवढंच झालं. याच्यापेक्षा जास्त काहीही झालं नाही.

भिकाबाईच्या बहिणीनं चतुराला आत जाताना पाहिलं. घरात बायको नाही, आणि ही मास्तरकडे जाते. बातमी चतुराच्या आधी शिरडला पोचली. दगडोबानं तिला मारलं नाही, हाकललंही नाही. फक्त दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘पंच काय म्हन्तेत ते व्हवू दे. तवर तू साखऱ्याला जा. पोरगी हितंच राहील.’’

तेव्हापासून चतुराला एकच गोष्ट हवी होती, सखू. नवरा दुसऱ्या नंबरावर, अब्रू तिसऱ्या. ती मला तसं म्हणालीही. ‘‘लोकं काय बी बोलू द्या मास्तर. पोरगी चार वर्साची हाय. तिला माझ्याबिगर झोप येत न्हाई.’’

जातीचे पंच औंढ्याला बसले. नागनाथाच्या देवळाच्या आवारात त्यांना जाता येत नव्हतं, म्हणून खाली मैदानात लिंबाच्या झाडाखाली घोंगडं अंथरलं होतं. गुरवाकडून बेलाचं पान आणि चिमूटभर हळद मागून आणली होती. ती त्यानं लांबूनच पानावर टाकून दिली. पंचांचा म्होरक्या संतराम म्हणून एक म्हातारा होता. त्यानं ते बेलभंडार घोंगड्यावर ठेवलं. रीत अशी, की आळ आलेल्या माणसानं ते उचलायचं, नागनाथाची आण घेऊन सांगायचं, आणि मग कोणी पुन्हा त्या गोष्टीचं नावही काढायचं नाही. खोटी आण घेणाऱ्याचा वंश बुडतो, म्हणून उचललं की निकाल लागला. मलाही बोलावलं होतं, पण मी त्यांच्या जातपंचायतीतला नव्हतो. मी बाजूला उभा राहिलो.

चतुरा पुढं आली. दगडोबा घाईघाईनं म्हणाला, ‘‘उचल की वं. येवढं पान उचलायला काय जातंय तुझं? उचल अन् चल घरी. पोरगी रडून राहिली.’’ त्याला ती घरी यायला हवी होती, हे सगळ्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं.

‘‘म्या काई केलं न्हाई,’’ चतुरा म्हणाली. ‘‘न्हाई म्हंजी न्हाई. पान कशाला उचलू?’’

संतराम समजुतीनं बोलला, ‘‘बाई, तू किरिस्ताव झाली, ठीक हाय. देवाला हात जोड म्हन्तो का आमी? नुसतं उचल. खरं आसंल तर भ्याव कशाचं?’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला हो म्हणता आलं असतं. मान खाली घालता आली असती, दुसरीकडे पाहता आलं असतं. मी मान हलवली. नाही, उचलू नकोस. आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझी छाती फुगली होती. सगळ्या पंचांसमोर, नागनाथाच्या नावासमोर, माझी विद्यार्थिनी माझ्या शिकवण्यावर उभी होती. मिशनच्या मासिकात द्यायला केवढा चांगला मजकूर, असंही मनात येऊन गेलं. आज त्याची लाज वाटायला हवी. लाज कशी असते ते आठवतं, पण वाटत नाही.

तिनं बेल उचलला नाही. लोक आपसांत कुजबुजले. दगडोबानं तोंड फिरवलं. पण संतराम न्यायाचा माणूस होता, त्यानं एक वाट ठेवली. ‘‘तिला आमची रीत चालत न्हाई तर तिच्या लोकांची चालंल. हिंगोलीच्या पाद्र्याची पंचाईत बसू द्या. बाई बराबर हाय, आसं त्यायनं लिहून दिलं तर पोरगी तिची, घर बी तिचं. न्हाई दिलं तर पोरगी बापाची.’’

मी चतुराला म्हणालो, ‘‘झालं काम. तिथं आपलीच माणसं आहेत.’’

हिंगोलीला आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच बसले ते चर्चच्या मागच्या खोलीत. पाळक माणिकराव, दवाखान्यातले कंपाउंडर उत्तमराव आणि आणखी दोघं. टेबलावर कशिद्याचं पांढरं कापड, त्यावर मोठं बायबल. चतुरा साखऱ्याहून दोन दिवस चालून आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

माणिकराव भला माणूस होता. लोकांच्या दुखण्यात रात्ररात्र बसणारा. पण कागद पक्का असल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. तो म्हणाला, ‘‘बाई, आमचा तुझ्यावर विश्वास आहे. पण तुझ्या सासरच्यांना लिहून द्यायचं म्हणजे आधाराशिवाय कसं द्यायचं? तू शास्त्रावर हात ठेव आणि देवासमक्ष सांग. लगेच लिहून देतो.’’

चतुरा आधी टेबलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘पाळकबाबा, म्या काई केलं न्हाई.’’

‘‘तेच हात ठेवून सांग.’’

‘‘ह्याच्यातच लिहिलंय ना, तसं करू नका म्हनून?’’

उत्तमराव हसला. कुत्सितपणे नव्हे, लहान मुलाचं बोलणं ऐकून हसतात तसा. माणिकरावानं तिला समजावलं की वचन रोजच्या बोलण्यासाठी आहे, कोर्टकचेरीत आपले लोक पुस्तकावर हात ठेवतातच, तसं केल्यानं पाप लागत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘मास्तरनं तसं न्हाई शिकवलं.’’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या कशिद्याच्या कापडाकडे पाहत होतो. त्यावर मोर काढले होते. कोणी तरी फार मन लावून काढले होते.

‘‘उद्धवराव,’’ माणिकराव म्हणाला, ‘‘आळ तुमच्यावरही आहे. वरच्या कमिटीपर्यंत गेलंय हे. तुमचं तरी उरकून घेऊ. या पुढं.’’

मी विचार केला नाही असं म्हणणं खोटं होईल. मी पुष्कळ विचार केला, आणि तो सगळा स्वतःचा केला. घरी दीड महिन्याचं बाळ होतं. राहायची खोली मिशनची होती. उपदेशकी गेली तर मला दुसरं काय येत होतं? दोर वळताही येत नव्हता. आणि मी काही खोटं थोडंच बोलणार होतो? असंही वाटलं की मी शपथ घेतली तर आम्ही दोघंही सुटू. माझ्यात आणि तिच्यात काही नव्हतं हे सिद्ध झालं म्हणजे तिचंही झालंच की. हे वाटलं म्हणजे मी स्वतःला वाटू दिलं.

मी पुढं झालो. पुस्तकावर हात ठेवला. देवाला स्मरून सांगतो, या बाईशी माझा काहीही अनुचित संबंध नव्हता. शब्दन्‌शब्द खरा होता. मी हात उचलला. माझं अंग एकाएकी जड झालं. बधिरपणा म्हणतात तो हाच असावा. तो अजून गेलेला नाही.

माणिकरावानं सुटकेचा श्वास टाकला. चतुराला शेवटचं विचारलं. ती म्हणाली, ‘‘न्हाई.’’ हात ठेवायला नाही, की आरोपाला नाही, हे कोणी विचारलं नाही. तिच्या दृष्टीनं दोन्हींना एकच उत्तर होतं.

बाहेर आल्यावर ती पायरीशी थांबली. चिडलेली वाटली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं मला विचारलं, ‘‘मास्तर, म्हंजी औंढ्याला म्या बेल उचलला आसता तर चाललं आसतं?’’

ती थोडा वेळ उत्तराची वाट पाहत उभी राहिली. शाळेत असताना एखादा शब्द अडला की उभी राहायची, तशीच. मग पदर खोचून साखऱ्याच्या रस्त्याला लागली.

चिठ्ठी मीच लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, मंडळीचे सगळे कागद तेव्हा माझ्याकडूनच लिहून घेत. माणिकराव सांगत गेला, मी लिहीत गेलो. ‘उपदेशक उद्धव यांनी पवित्र शास्त्रावर हात ठेवून आपण निर्दोष असल्याचे सांगितले, ते मंडळीस मान्य आहे. सदर बाईने शपथ घेण्यास नकार दिला, सबब तिच्याविषयी मंडळीस काही लिहून देता येत नाही.’ सबब हा शब्द त्याला फार आवडायचा. मी विचारलं, ‘‘माझं मान्य, तर तिचंही मान्य झालं ना?’’ तो म्हणाला, ‘‘तुमच्यापुरतं झालं. बाकीचं आपल्याला काय माहीत?’’ त्यानं सही केली. चिठ्ठी शिरडला पोचवायचं कामही माझ्याकडेच आलं.

वाटेत एक रात्र घरी थांबलो. अनुसया बाळाला घेऊन परत आली होती. मी तिला सांगितलं की माझ्यावरचा आळ गेला, पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली. ती बाळाला मांडीवर थोपटत होती. थोपटायची थांबली. ‘‘शपथ घेतली तुमी?’’ म्हणाली. ‘‘काहून? म्या तर तुमाला विचारलं बी न्हवतं.’’ तोवर तिच्या मनात संशयाचा लवलेश नव्हता. त्या रात्रीपासून आला. तो तिनं बोलून दाखवला नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारात न बोललेलंही ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिरड शहापूरला पोचलो. दगडोबा घरासमोर नाडा वळत होता, विहिरीच्या मोटेचा, जाडजूड. एक टोक खुंट्याला, दुसरं त्याच्या हातात. सखू त्याच्याजवळ बसून वाख विंचरून देत होती. चार वर्षांच्या मानानं हात चांगले चालत होते. भिकाबाई उंबऱ्यात होती. मला पाहून ती आत गेली नाही, पुढं सरकून बसली.

दगडोबा म्हणाला, ‘‘वाचा.’’

त्या घरात कोणाला अक्षरओळख नव्हती. त्या सगळ्या वाड्यात नव्हती. वाचता येणारी एकच बाई तिथं राहत होती, ती आता साखऱ्याला होती. चिठ्ठीत काय आहे ते मी म्हणेन तेच होतं. बाई निर्दोष आहे, असं मी वाचलं असतं तर दगडोबानं नाडा टाकून त्याच पावली साखऱ्याची वाट धरली असती. तो कान टवकारून होता ते तसंच काही ऐकायला. हे मला तेव्हाही कळत होतं. तीन शब्द वाचायचे होते, आणि ते तीनही शब्द खरे होते.

मी जे लिहिलं होतं तेच वाचलं. सबबसकट. उद्या कोणी शिकलेला माणूस येऊन चिठ्ठी वाचेल, मग माझं काय होईल, एवढंच मनात होतं.

दगडोबानं नाड्याचं टोक हळूच खाली ठेवलं. त्याची मनातल्या मनात जुळवाजुळव चालली होती. ‘‘म्हंजी मास्तर, तुमी न्हाई. तुमची शपथ झाली.’’

‘‘हो.’’

‘‘अन् तिनं तिकडं बी हात ठिवला न्हाई. बेल बी न्हाई, पुस्तक बी न्हाई. तिचंच पुस्तक आसून न्हाई.’’ तो माझ्याकडे पाहत होता, पण विचारत नव्हता. ‘‘मंग दुसरा कोन तरी आसंल.’’

‘‘म्या काय म्हनून राहिले होते?’’ भिकाबाई म्हणाली.

ती हात का ठेवत नाही, हे मला सांगता आलं असतं. हे मी शिकवलंय म्हणून, एवढंच. पण मग त्यानं विचारलं असतं, मास्तर, तुमी कसा ठिवला? मी चिठ्ठीची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि मुंडाशात खोवली. पुढच्या वर्षी त्यानं दुसरी बायको केली. चतुरा साखऱ्यालाच राहिली. मंडळीत ती पुन्हा आली नाही, आणि तिला बोलावणं जाऊ शकेल असा निरोप्या मीच होतो.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा सखू माझ्यामागून वाड्याच्या टोकापर्यंत आली. तिच्या केसांत वाखाचे धागे अडकले होते. ‘‘तुमी मास्तर का?’’ तिनं विचारलं. ‘‘माय तुमचं नाव घ्यायची. माय येनार हाय का?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो.

तिनं मला पुस्तकावर हात ठेवायला सांगितलं नाही, आण घ्यायला सांगितलं नाही. मान डोलावली, आणि बापाला हातभार लावायला पळत परत गेली.